मिस्त्रींचा हात फिरला

खाडीकाठच्या राजिवड्यात गफूरमिस्त्री होडेकरांचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग आदराने बोलायला लागतात. हसतात ते मिस्त्रींच्या खोडीला. हा माणूस कोणाच्याही घरी गेला की माणसांना सलाम करायच्या आधी दाराला हात लावतो. चौकटीवरून तळवा फिरवतो, फळीवर बोट टेकवतो आणि चहा येईपर्यंत सांगून मोकळा होतो, की खालची बिजागरी अर्धा सूत वर बसली आहे. एका निकाहाला तर नवरदेवाच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो म्हणून यांनी त्याला उठवलं, खुर्ची उलटी केली आणि पाचर ठोकली. काझीसाहेब तोवर थांबले. न थांबून सांगतात कोणाला!

आदराचं कारण वेगळं. चाळीस वर्षं या माणसाने होड्या बांधल्या. राजिवड्यापासून पूर्णगडापर्यंत किनाऱ्याला लागलेल्या लाकडी होड्यांत यांच्या हातच्या किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांतली एकही कागदावरून बांधलेली नव्हती. एक दोरी, एक ओळंबा आणि डोळा, एवढ्यावर सगळा कारभार. मिस्त्रींच्या धंद्यात कागद लागायचा तो फक्त वडे बांधून आणायला.

मग फायबरच्या होड्या आल्या. एकदा साचा केला की त्यातून एकसारख्या होड्या निघतात, आणि कोणाच्या डोळ्याची गरज उरत नाही. खाडीकाठची मिस्त्रींची शेड हळूहळू रिकामी झाली. गल्लीतले निम्मे पुरुष आखातात जाऊन आले, पण मिस्त्री लाकूड सोडून कुठे गेले नाहीत, आणि आता साठी उलटल्यावर लोकांच्या खिडक्या दुरुस्त करत बसले होते. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. ते बोलून दाखवत नसत, पण त्यांची बायको शमीम ओळखून होती. घरातला एकच पाट मिस्त्री तिसऱ्यांदा तासायला घेत, तेव्हा ती मुकाट्याने दुसरा पाट काढून बसायची.

त्यांच्या शेडमधली एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मिस्त्री आपल्या बापाच्या हाताखाली बावीस वर्षं होते. दिवसभर पोरांनी रंधा मारायचा, संध्याकाळी घरी जायचं. पहाटेच्या नमाजानंतर बाप एकटा शेडमध्ये यायचा, होडीवरून तळवा फिरवायचा आणि जिथे उंचसखल लागेल तिथे स्वतः रंधा मारून ते सारखं करायचा. कोणाला काही बोलायचा नाही. पोरं सकाळी आली की जमिनीवर ताजा भुसा दिसायचा, आणि ज्याची चूक असेल तो मनातल्या मनात उमजायचा. चारचौघांत चूक काढली तर माणूस लहान होतो, म्हणून ती हातानेच पुसून टाकायची, असा बापाचा शिरस्ता. गफूरमिस्त्रींनी पुढे आपल्या हाताखालच्या माणसांशीही असंच केलं. त्यांच्या लेखी माया म्हणतात ती हीच.

तर आता मनाल. ही मिस्त्रींची धाकटी मुलगी, वय एकोणीस. थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या. ही कॉलेजात विज्ञान शिकते आणि नौदलाच्या छात्रसेनेत आहे. तिला पुढे नौदलात अधिकारी व्हायचंय, आणि हे ती अशा शांतपणे सांगते की ऐकणाऱ्याला चेष्टा करायचं सुचत नाही. डिसेंबरात छात्रसेनेचं राष्ट्रीय शिबिर होतं. तिथे जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते, आणि त्या स्पर्धेसाठी जिल्ह्यातून एकच कॅडेट जाणार होता. त्या शिबिराचं प्रमाणपत्र हातात असलं की पुढे निवडीच्या वेळी वजन पडतं. मनालने नाव दिलं. सगळ्या कॅडेटना एकाच युद्धनौकेचा नकाशा मिळाला. त्यावरून शंभरपट लहान, सव्वा मीटर लांबीचा सांगाडा, म्हणजे जहाजाचं नुसतं अंग, लाकडात घडवायचा, आणि रंग देण्याआधी कोऱ्या लाकडावरच तपासणी.

शिकवायला हरिश्चंद्र सर होते. मूळचे मंडणगडचे, नौदलातून निवृत्त झालेले, गरजेपुरतं बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "नकाशा मी देणार. लाकूड कुठूनही आणा. पण हात फक्त कॅडेटचा. घरच्यांनी हत्यार लावलेलं कळलं, की नाव कट. ती फसवणूक धरली जाते, आणि तसा शेरा कायमचा राहतो."

मनालने मारुती मंदिराजवळच्या दुकानातून नकाशे मोठ्या कागदावर छापून आणले. घरी येऊन पहिल्यांदा कोपऱ्यातली मापाची रेघ पट्टीने मोजली. ती दहा सेंटिमीटरची हवी होती, भरली साडेनऊच्या आत. दुकानदाराने कागदात मावावा म्हणून सगळा नकाशा थोडा लहान करून छापला होता. पोर तशीच परत गेली, त्याच्याशी हुज्जत घातली आणि नकाशे पुन्हा छापून घेतले. मिस्त्री ओट्यावरून सगळं बघत होते. अर्ध्या सेंटिमीटरसाठी भांडणारी आपली मुलगी बघून त्यांना आनंद झाला. आनंदाबरोबर थोडं खुपलंही, कारण पट्टी लावायच्या आधी तिने बापाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

लाकूड मात्र तिने बापाकडे मागितलं. बारा वर्षं वाळलेली शिवणीची फळी मिस्त्रींनी शेडमधून काढून दिली. शिवण हलकं आणि रंध्याखाली गुणी. तिने फळीचे सात पातळ थर कापले, प्रत्येक थर नकाशातल्या रेघेबरहुकूम, मग सरस लावून ते एकावर एक बसवले आणि शिकंज्यांत आवळले. थर सुकल्यावर पायऱ्या पायऱ्यांचा एक ठोकळा झाला. या पायऱ्या तासून पुसायच्या म्हणजे जहाज उघडं होतं. किती तासायचं हे कळायला तिने नकाशावरून पुठ्ठ्याचे अकरा फर्मे कापले, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. नाळ म्हणजे होडीचं पुढचं तोंड. तासून झालं की तो तो फर्मा आपापल्या जागी लाकडाला चिकटून बसला पाहिजे, मध्ये उजेड दिसता कामा नये.

"अब्बा, रंध्याला धार लावून द्याल?" एवढं तिने विचारलं. मिस्त्रींनी त्या पात्यावर दोन तास घालवले.

त्यानंतर दोन महिने ती पडवीत काम करत होती आणि मिस्त्री पडवीच्या आसपास काम काढत होते. कधी नारळाच्या पेंढ्या उचलून ठेव, कधी बल्ब बदल. चालणारा बल्बसुद्धा त्यांनी एकदा बदलला. एकदा न राहवून ते सांगाड्याकडे वाकले, तर मनाल हळूच म्हणाली, "अब्बा, नको. नियम हाय."

"मी कुठं हात लावतंय? बगतंय नुसता."

"तुमी बगताय तेव्हा हात लावल्यासारखाच वाटतो," ती हसून म्हणाली.

आतून शमीमने आवाज दिला, "तुमी भायेर बसा बगू. पोरीला काम करू द्या."

मिस्त्री बाहेर बसले. बसले खरे, पण त्यांना लागलं. आपली पोर होडी घडवते आहे आणि कागदाला विचारते आहे. घरात चाळीस वर्षांचं शहाणपण बसलंय, त्याला कोणी विचारत नाही. एखादी अडचण यावी, तिने चिडून रंधा टाकावा आणि "अब्बा, सांगा ना" म्हणावं, याची ते वाट बघत राहिले. अडचणी आल्या, पण तिने त्या फर्मे लावून लावून सोडवल्या. फर्मा लावायचा, उजेड बघायचा, पेन्सिलने खूण करायची, चार हात मारायचे, पुन्हा फर्मा. एवढा धीर मिस्त्रींनी आपल्या उमेदीतही कोणात पाहिला नव्हता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. मनालने अकराच्या अकरा फर्मे शेवटचे लावून पाहिले, पिशवीत भरले, सांगाडा आईच्या जुन्या चादरीत गुंडाळून बाकावर ठेवला आणि झोपायला गेली.

मिस्त्री पहाटेचा नमाज पढून आले. घरात सामसूम. बाकावर ते बोचकं. त्यांनी चादर उघडली. आधी नुसतं बघणार होते. मग तळवा ठेवला. मागच्या टोकापासून हात पुढे निघाला, पोटावरून, कडेवरून, आणि कुठे अडेना. त्यांना भरून आलं. बापाच्या हाताखाली बावीस वर्षं काढून आपल्याला जे जमलं, ते ही पोर दोन महिन्यांत करून बसली. त्यात आनंद होता, आणि खोटं कशाला बोला, थोडी असूयाही होती. हात नाळेशी आला. वरच्या बाजूला नाळ सुरेख, पाणी कापत जाणारी. पण खाली, पार तळाशी, हात थांबला. तिथे लाकूड फुगलेलं होतं, दोन्ही बाजूंनी, गालात सुपारी धरल्यासारखं.

मिस्त्रींनी परत हात फिरवला. फुगवटा होताच. भगवती बंदराकडे उभी राहणारी तटरक्षक दलाची जहाजं त्यांनी हजारदा पाहिली होती, पण पाहिली ती पाण्यावरची. त्यांचा पाण्याखालचा भाग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या हिशेबी नाळ खालपर्यंत पातळच उतरते, आणि जिथे फुगते तिथे तासणाऱ्याचा अंदाज चुकलेला असतो. पोर दमली असेल, शेवटी लाकूड तसंच राहून गेलं असेल. आणि आज तपासणी.

नकाशा समोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेला होता. मान वर केली असती तर तो फुगवटा निळ्या रेघेत स्वच्छ काढलेला दिसला असता. मिस्त्रींनी मान वर केली नाही. चाळीस वर्षांत लाकूड अडलं म्हणून त्यांनी कधी भिंतीकडे बघितलं नव्हतं.

त्यांनी लहान रंधा घेतला. दोन्ही बाजूंनी मोजून दहा-बारा हात मारले, मग पॉलिशपेपर फिरवला. फुगवटा गेला. नाळ तळापर्यंत एका वळणात उतरली. मग त्यांनी सांगाडा होता तसा गुंडाळला, आणि भुसा झाडूने गोळा करून मागच्या दारी टाकून आले. त्यांचा बाप भुसा तिथेच पडू द्यायचा. यांनी तो झाडला. का झाडला, हे त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. चहा मात्र त्या सकाळी त्यांना फार गोड लागला.

तपासणी कॉलेजच्या हॉलमध्ये होती. पाच कॅडेट, पाच सांगाडे, आणि मागच्या बाकांवर घरचे. हरिश्चंद्र सर प्रत्येकाचे फर्मे घेऊन एक एक लावत होते. मनालचा नंबर आला. त्यांनी मागून सुरुवात केली. पहिला बसला. दुसरा, तिसरा. सहाव्याला ते म्हणाले, "वा." हरिश्चंद्र सरांच्या तोंडून वा निघणं म्हणजे काय, ते इतर कॅडेटच्या तोंडाकडे बघून मिस्त्रींना कळलं. त्यांची छाती फुगली. दहावाही बसला. मग सरांनी अकरावा लावला, अगदी पुढचा, आणि थांबले.

फर्मा आणि लाकूड यांच्यामध्ये पेन्सिल सहज गेली असती.

"मनाल, हे काय? इथला फुगवटा कुठे गेला?"

मनाल वाकून बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना, इतकं तिला ते अनपेक्षित होतं.

"पाण्याखालचे आवाज टिपायचं यंत्र बसतं त्या जागी," सर बाकीच्यांना उद्देशून म्हणाले. "ते काढलं तर ही लढाऊ नौका बहिरी झाली. पाणबुडी खालून आली तरी कळायचं नाही." मग तिच्याकडे वळून, "काल फर्मा बसत होता?"

मनालने त्या जागेवर बोट ठेवलं. बोट हळूहळू खाली नेलं. मिस्त्रींना लांबून समजलं की तिला समजलं. दोन महिने ज्या लाकडावर हात फिरवला त्यावर दुसऱ्याचा रंधा चालला, तर ते बोटाला कळल्याशिवाय राहत नाही. तिने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. फक्त एकदा.

सरांनी ती मान वळताना पाहिली. "घरी कोणी हात लावला का याला?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मिस्त्री अर्धवट उठले. बोलावं तर पोरीचं नाव कट, वर फसवणुकीचा शेरा. न बोलावं तर आपली चूक तिच्या माथी. पूर्णगडच्या एका होडीला त्यांच्या हातून एकदा फट राहिली होती. कोणी बोलवायच्या आधी हे स्वतः एसटीने गेले होते, मालकासमोर उभे राहिले होते, आणि होडी वर काढून चार दिवसांत फळी बदलून दिली होती. चूक कबूल करायला हा माणूस कधी घाबरला नव्हता. आज मात्र कबूल करायचीच सोय नव्हती.

"नाही सर," मनाल म्हणाली. "माझ्याच हातून जास्त गेलं. शेवटी घाई केली मी."

मिस्त्री खाली बसले.

निवड दुसऱ्या मुलाची झाली. सरांनी मनालच्या कागदावर शेरा लिहिला आणि तिच्या हातात दिला. "हात उत्तम. संयम कमी."

परत येताना स्कूटरवर मागे बसून तिने सांगाडा मांडीवर आडवा धरला होता. खाडीच्या रस्त्याला मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. उतरले, पण तिच्याकडे बघवेना.

"मी उठलो व्हतो," ते म्हणाले.

"बघितलं मी. म्हणून तर घाईनं बोलले. तुमी बोलला असतात तर मी खोटी ठरले असते. आता नुसती कच्ची ठरले. कच्चीला पुढच्या वर्षी परत नाव देता येतं."

तिने विचारलं, "का केलंत, अब्बा?"

मग त्यांनी बापाची ती रीत सांगितली. पहाटेचा हात, न बोलणं, भुसा. तिला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि तुमाला ते आवडायचं?"

"म्हंजे?"

"सकाळी आल्यावर तो भुसा बघून. बरं वाटायचं तुमाला?"

मिस्त्रींनी स्कूटर चालू केली.

पण प्रश्न त्यांना सोडेना. खिडकीला बिजागरी बसवताना, जेवताना, तो आतल्या आत टोचत राहिला. नाही, बरं वाटायचं नाही. आणि त्याहून वाईट एक होतं, जे त्यांनी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. तिशीत असताना त्यांनी अख्खी होडी स्वतःच्या अंदाजाने बांधली होती. पाण्यात सोडताना सगळी वाडी गोळा झाली, खांद्यावर घेतलं त्यांना. आणि खांद्यावर बसून ते विचार करत होते, की यातली माझी किती आणि बापाची किती? बाप रोज पहाटे येत होता. कुठे काय तासलं ते बाप सांगायचा नाही आणि विचारायची छाती नव्हती. बाप वारला तेव्हा मिस्त्री बेचाळीस वर्षांचे होते, आणि तोवर त्यांना स्वतःचं एक खात्रीचं काम माहीत नव्हतं. एखादी चूक तरी माझी माझ्याजवळ ठेवायची होती, असं त्यांना वाटायचं. हेच आपण पोरीच्या पदरात टाकलं, हे उमगलं तेव्हा ते हातातली बिजागरी ठेवून घरी निघून आले. घरी येऊन त्यांनी पुन्हा पाट तासायला घेतला.

मनालने आईला फक्त एवढंच सांगितलं होतं, की तिचा सांगाडा शेवटी बिघडला. शमीमने "नशीब" म्हटलं, सांगाडा पुसून कपाटावर ठेवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो दाखवायला लागली. प्रत्येक वेळी म्हणायची, "जरासं चुकलं गो तिचं, घाई केलीन." मनाल ऐकून घ्यायची. मिस्त्री उठून बाहेर जायचे. त्यांना सगळ्यात जड गेलं ते हे.

शुक्रवारी दुपारी दादू आला. दादू म्हणजे शेडमध्ये वीस वर्षं मिस्त्रींच्या जोडीला असलेला सुतार. शमीमने चहा दिला आणि सांगाडा खाली काढून त्याच्यापुढे ठेवला. दादूने चहाचा घोट घेतला, एका हाताने सांगाडा चाचपला आणि नाळेशी येऊन तोंडभर हसला.

"गफूरभाय, बाकीचं काम पोरीचं. पन ही नाळ तुजी. तुजा हात लपतोय काय? माज्याशी कशाला लपवतंस!"

त्याने हे कौतुकानेच म्हटलं होतं. शमीम आधी दादूकडे, मग नवऱ्याकडे बघायला लागली. मनाल अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली नाही.

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. दादूला पटवणं फार कठीण नव्हतं.

"होय," मिस्त्री म्हणाले. "तेवढीच माजी. बाकी समदं तिचं. आनि बिगाडलं ते तेवढंच बिगाडलं. ती झोपली व्हती, मी पहाटे रंधा मारला. तिचं बरोबर व्हतं. भिंतीवर कागद व्हता, तो पन मी बगितला नाय."

"काय केलंत तुमी!" शमीम खाली बसली. "आनि मी गावभर सांगतेय पोरीचं चुकलं म्हणून!"

हॉलमध्ये, स्कूटरवर, आठवडाभर घरात, मनाल रडली नव्हती. आता रडली. पुस्तक बाजूला पडलं आणि ती लहानपणी रडायची तशी मोठ्याने, नाक ओढत रडली. मध्येच तिने विचारलं, "सरांनी लिवलंय संयम कमी. दोन महिने मी फर्मे लावले, अब्बा. तुमी बघत व्हतात. माझा संयम कमी हाय?"

"नाय गो," मिस्त्री म्हणाले. "माजा कमी पडला."

दादूने चहा तसाच ठेवला, कोणाकडे न बघता उठला आणि चपला शोधायला बाहेर गेला.